शेजारचं कार्ड

मी साठ वर्षांचा झालो त्या दिवशी माझ्या पुतणीने, जान्हवीने, केकबरोबर मला पिस्तूल नेमबाजीच्या क्लासची पावती दिली. "काका, तुम्ही फार भडकता. ह्यात डोकं थंड ठेवावं लागतं. ट्राय तर करा ना," म्हणाली. ही बातमी सोसायटीत पसरली तेव्हा आमचे सेक्रेटरी, ज्यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून माझं भांडण चालू होतं, ते आठवडाभर माझ्याशी गोड बोलत होते. ते पिस्तूल हवेवर चालतं आणि त्यातून मसुरीएवढा शिशाचा छर्रा निघतो, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही.

मी नंदकुमार सावंत. जोगेश्वरीला राहतो, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. लग्न राहून गेलं. वडिलांची गिरणी बंद पडली, मग बहिणींची लग्नं, मग आईचं दुखणं, आणि एक दिवस बघतो तर स्थळं यायची थांबलेली. त्याचं मी कधी रडगाणं गायलं नाही. आपलं काय राहिलंय ते बोरीवलीच्या रेंजवर जाईपर्यंत मला नीट ठाऊकच नव्हतं.

रेंज म्हणजे एका क्रीडासंकुलाच्या तळघरातली लांबट खोली. एका टोकाला टेबलांची रांग, दुसऱ्या टोकाला दिव्यांखाली चौकोनी कार्डं, कार्डावर काळं वर्तुळ. प्रत्येकाची लेन ठरलेली. कार्ड क्लिपला लावून बटण दाबायचं, ते तारेवरून सरकत पलीकडे जातं. पाच छर्रे मारायचे, कार्ड परत बोलवायचं आणि भोकं बघून आपली किंमत करायची.

शिकवायला प्रीतम. पोरगा माझ्या निम्म्या वयाचा, पण आवाज न चढवता दटावायची कला त्याला अवगत होती. "काका, टार्गेट बघू नका. नळीच्या टोकाला ही माशी आहे ना, फक्त तिच्याकडे बघा. टार्गेट धूसर दिसू दे. धूसर दिसलं म्हणजे बरोबर चाललंय." जे मारायचं तेच बघायचं नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला पावसाळा गेला.

आता उभं राहायची पद्धत सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. हे पिस्तूल एका हाताने धरतात आणि कार्डाला आडवं उभं राहतात. उजव्या हाताने मारणारा उजवा खांदा कार्डाकडे करतो, म्हणजे त्याचं तोंड आपोआप डावीकडच्या लेनकडे होतं. रेंजवर झाडून सगळे उजव्या हाताचे, त्यामुळे जो तो शेजाऱ्याची पाठ बघत उभा. मी एकटा डावखुरा. लहानपणी डावा हात ताटाकडे गेला की आई "मेल्या, डाव्या हातान जेवतंस?" म्हणून चापट मारायची. त्याच हातामुळे माझं तोंड उजवीकडे झालं, आणि माझ्या उजवीकडच्या लेनमध्ये मृणालिनी कर्णिक होती. अख्ख्या रेंजवर समोरासमोर असे आम्ही दोघंच.

समोरासमोर, पण माना वळवलेल्या. ती तिच्या कार्डाकडे बघणार, मी माझ्या. शिवाय लाइनवर बोलायचं नाही हा नियम.

ती बोरीवलीतल्याच बाभईची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बूट काढायच्या बाकावर एकदा मी विचारलं, की तुम्ही इथे कशा? म्हणाली, "जन्मभर सगळं माणसांच्या गराड्यात केलं. एक तरी गोष्ट अशी करायची होती, की शेजारी कुणी असलं तरी मला मदत करता येणार नाही." मी मान डोलावली. पहिल्याच भेटीत मी तिला 'मॅडम' म्हणालो होतो. नशीब माझं, तोंडातून 'ताई' नाही गेलं.

पिस्तूल उचलायच्या आधी ती श्वास सोडायची आणि मनगटाने चष्मा वर सारायची. दर छर्ऱ्याला. मला ते बघायची सवय लागली. चोरून बघायचो असं नाही, तोंडच तिकडे होतं. पण रविवार संपला की सोमवारपासून मला त्या चष्म्याची आठवण यायला लागायची, आणि ह्या वयात असं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी एकट्याने पोळी खाताना मी आपलं तोंड उजवीकडे करून बसतो, हेही एकदा लक्षात आलं. हसू आलं आणि लगेच गेलं.

रेंजवर आणखी एक शिष्टाचार आहे. दुसऱ्याच्या कार्डाकडे बघायचं नाही. दुसऱ्याच्या डब्याचं झाकण आपण उघडून बघत नाही, तसंच. नवशिक्याचं कार्ड बघण्यासारखं नसतंच म्हणा. ट्रिगर झटक्यात ओढला की उजव्या हाताच्या माणसाचा छर्रा खाली डावीकडे जातो, डावखुऱ्याचा खाली उजवीकडे. प्रीतम माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "काका, तुमचे छर्रे मॅडमच्या लेनमध्ये राहायला चाललेत." माझे कान तापायचे. प्रीतमला वाटायचं, काका भडकले.

थंडीत एका रविवारी बाकावर बुटाची नाडी बांधता बांधता मृणालिनी म्हणाली, "मी बंगळुरूला चाललेय. कायमची. मुलगा निहार तिकडे असतो ना, त्याची मुलगी वर्षाची होईल, सुनेला ऑफिसला परत जायचंय. इथल्या घरात भाडेकरू येतायत."

मी म्हणालो, "अरे वा."

अरे वा! ह्या दोन शब्दांसाठी मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या, त्या सेक्रेटरीच्या वाट्यालाही कधी आल्या नाहीत. ज्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर जातो, त्याला 'जाऊ नका' म्हणता आलं नाही.

ती जायच्या आधीच्या रविवारी क्लबची नवशिक्यांची स्पर्धा होती. प्रत्येकी चार कार्डं, कार्डाला पाच छर्रे. मी मनाशी ठरवलं, की स्पर्धा झाली की बोलायचं. मेडलशी मला काही घेणं नव्हतं. तिला मात्र होतं. "एक मेडल घेऊन जायचंय. नातीला दाखवायला," असं ती सरावाला म्हणाली होती, तेही लाजत.

स्पर्धेच्या दिवशी खुर्च्यांवर पाहुणे होते, जान्हवीसुद्धा आली होती. प्रीतमने "स्टार्ट" म्हटलं आणि खोलीत फक्त फट फट आवाज राहिला. माझी पहिली तीन कार्डं बरी गेली. शेवटच्या कार्डाचे चार छर्रे मारले. पाचवा भरला आणि मान वर केली, तर समोर तिने श्वास सोडला होता आणि मनगटाने चष्मा वर सारत होती. हे आता पुन्हा दिसणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं. डोळे तिच्या चेहऱ्यावरून निघाले आणि तिच्याच लेनमधून पलीकडे गेले. हात त्यांच्या मागे गेला. माशी दिसली, तिच्यामागे काळं धूसर वर्तुळ दिसलं. ट्रिगर कधी नव्हे इतका हळू सुटला.

सुटल्यावर मला कळलं, की ते कार्ड माझं नव्हतं.

कार्डं परत आली. माझ्या कार्डावर चार भोकं, तिच्या कार्डावर सहा. नेमबाजीत अशी चूक होते, तिला क्रॉसफायर म्हणतात, पण दहा जणांच्या क्लबात ती करायला माझ्यासारखा गाढव लागतो. जान्हवीने कपाळावर हात मारला. प्रीतम दोन्ही कार्डं घेऊन टेबलापाशी आला आणि नियम सांगितला. माझा तो छर्रा शून्य. आणि सहांतलं कुठलं भोक कुणाचं हे कळत नसेल, तर मॅडमना त्यातली सगळ्यात चांगली पाच द्यायची.

"म्हणजे मॅडम तिसऱ्या," प्रीतम खुशीत म्हणाला. "काका, तुम्ही मेडल दिलंत की मॅडमना!"

मला खरंच आनंद झाला. वाटलं, बोलता नाही आलं तर नाही, माझं एवढं तरी तिच्याबरोबर जाईल.

मृणालिनीने कार्ड हातात घेतलं. "थांब. हे भोक माझं नाही."

"मॅडम, ते नऊ गुणांचं आहे. ते सोडलंत तर मेडल जातं."

"जाऊ दे. माझं नाही ते."

"पण कळणार कसं? भोकं तर सगळी सेम आहेत."

"माझा एक तरी छर्रा कधी उजवीकडे गेलाय का रे? माझे सगळे डावीकडे. उजवीकडे जातात ते सावंतांचे." ती शाळेत फळ्यापुढे बोलत असावी तशी बोलत होती. "आधी फार खाली जायचे. गणपतीनंतर वर यायला लागले. दिवाळीत ते गावाला गेले, त्यानंतर पुन्हा बिघडले होते. हल्ली हे असे, इथे येतात." तिने त्या भोकावर बोटाचं टोक ठेवलं.

 प्रीतमने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मुकाट्याने आकडा बदलला. मी आपल्या बुटांकडे बघत उभा राहिलो. इतके महिने ती माझी कार्डं बघत होती. मी तिचा चष्मा बघत होतो आणि ती माझी कार्डं, आणि दोघंही शिष्टाचार पाळत होतो.

बाहेर टपरीवर चहा घेतला. जान्हवी शहाणी, फोन आल्याचं नाटक करून लांब गेली. मी म्हणालो, "सॉरी. तुमचं मेडल..."

"सावंत, मेडलचं सोडा. तुम्हाला दुसरं काही बोलायचंय."

"जाऊ नका," मी म्हणालो. निघाले एकदाचे शब्द.

तिने कप खाली ठेवला.  मग म्हणाली, "मंगळवारचं तिकीट आहे. सून माझ्या भरवशावर नोकरीला निघालीय. इतके महिने तोंड समोर होतं, तेव्हा काय झालं होतं?"

"लाइनवर बोलायचं नसतं."

"टपरीवर बोलायचं असतं की!" ती रागावून म्हणाली. तिचा राग मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तोही मला आवडला. डोळे मात्र भरले होते तिचे. मनगटाने चष्मा वर सारत ती म्हणाली, "दर रविवारी कार्डाचा फोटो पाठवा. नुसतं कार्ड. खाली काही लिहू नका. तुम्ही लिहायला लागलात तर मला तिथे राहवणार नाही, आणि मला राहायचंय. कळलं?"

मला कळलं. मंगळवारी ती गेली.

तेव्हापासून दर रविवारी मी फोटो पाठवतो. पाच भोकं, उजवीकडे. माझ्या समोरच्या लेनमध्ये आता कॉलेजातली एक मुलगी असते, चांगली मारते. मी तिच्याकडे बघत नाही, माशीकडे बघतो. त्यामुळे माझा नेम सुधारला आणि प्रीतम खूश आहे. मी नाही. घरी येतो, चहा करतो, फोन उलटा ठेवतो, पुन्हा सुलटा करतो. मृणालिनीकडून दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे बघितलं. बाकी काही नाही. जवळ असती तर भांडलो असतो, पण ती जवळ नाही हेच तर भांडण आहे.

मग ह्या एप्रिलमध्ये एका रविवारी रेंजवर असतानाच तिच्याकडून फोटो आला. कार्डाचा. म्हणजे तिनेही तिकडे कुठेतरी क्लब शोधला होता. सगळी भोकं डावीकडे, तिचीच.  मग मोजली, तर चार.

पुन्हा मोजली. फोटो मोठा करून प्रीतमला दाखवला. कधी कधी दोन छर्रे एकाच भोकातून जातात, तसं काही असेल.

"नाही काका, चारच आहेत," प्रीतम म्हणाला. "मॅडमचा एक शेजारच्या कार्डावर गेला असणार." एवढं बोलून तो दुसऱ्या कुणाचं तरी कोपर सरळ करायला गेला.

मी लेनवर येऊन उभा राहिलो. नवं कार्ड लावलं, पलीकडे पाठवलं, पाच छर्रे मारले. मग सहावा भरला. हात उचलला, माशी मुद्दाम काळ्याच्या डावीकडे खाली नेली आणि सोडला.

कार्ड परत आलं. पाच उजवीकडे, एक डावीकडे. फोटो काढला आणि खाली काही न लिहिता पाठवून दिला.

मी पिस्तूल पेटीत ठेवत होतो तेव्हा फोन वाजला. मृणालिनीने स्वतःचाच नियम मोडून मला लिहिलं होतं, "डावीकडचं माझं आहे."