मावशींची चिमूट

किडलेल्या दाताच्या मुळाशी, अगदी टोकाला, साखर पोहोचत नाही. तिथे झिरपतं ते रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम. आणि त्यावर जगतात ते सावकाश वाढणारे, घाण वासाचे जंतू. एकाच दाताचा नमुना अर्धा साखरेवर आणि अर्धा सीरमवर पोसला, तर दोन वेगळ्या वस्त्या उठायला हव्यात, असं प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत धाकट्या विद्यार्थिनीचं, बारकीचं, म्हणणं. पण तीन महिने झाले, दोन्ही बाटल्यांत तेच ते साखरखाऊ, मण्यांच्या माळेसारखे. सर म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत फरक दाखव, नाहीतर विषय बदल."

बारकी रडकुंडीला आली आणि जंतूंचं जेवण शिजतं त्या खोलीत मावशींजवळ जाऊन बसली. मावशींचा हात सढळ. वीस वर्षांत त्यांच्या खोलीतून कुणी उपाशी गेलं नव्हतं, माणूस असो वा जंतू. बोलता बोलता त्यांनी सीरमच्या बाटलीत काहीतरी पांढरं सोडलं.

"मावशी! काय घातलंत?"

"ग्लुकोज. चिमूटभर. या बाटलीच्या यादीत गोडाचं नावच नाही. बिचारे आधीच मुळात कोंडलेले!"

"कधीपासून घालताय?"

"पहिल्या दिवसापासून. विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

बारकीने कपाळावर हात मारला आणि मग पोट धरून हसत सुटली. मावशी फुगल्या. साखरेशिवाय बाटल्या भरून दिल्या खऱ्या, पण बजावलं, "मेले तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

सोमवारी झाकण उघडलं आणि अख्खी खोली नाक दाबून मागे सरली. बारकी मात्र सूक्ष्मदर्शकापाशी नाचत होती. काचेवर लांब, टोकदार काड्यांची दाटी. मण्यांचा पत्ता नाही.

"आणि ते तीन महिने?" सरांनी रुमालाआडून विचारलं. "पाण्यात?"

"पाण्यात कसे, सर? सीरम तेच, वर नुसती साखर, आणि वस्ती पार बदलली. यापेक्षा चांगला पुरावा मला मागूनही मिळाला नसता!"

"पण चिमटीला काही माप?"

मावशी तोवर वजनकाट्याशी पोहोचल्याही होत्या. दहा चिमटी टाकल्या. दहाही वेळा वजन जवळपास तेच, फक्त शेवटचा आकडा जेमतेम हलला.

सरांनी दहाही आकडे टिपून घेतले. "मावशी, हे छापायचं तर तुमचं नाव घालावं लागेल."

"घाला की. पण आधी कुणीतरी खिडकी उघडा!"