वाटीतली चावी

आमच्या घरात ट्रॅक्टरचं तेल मी बदलते. आमच्या चांदीप गावातल्या बायका यावर अजून हसतात. पुरुष हसत नाहीत, नुसते बघत राहतात, आणि त्याचा मला जास्त राग येतो. माझे यजमान सदानंद विरारला एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. सकाळी सातला जातात, संध्याकाळी सातला येतात. पाना कुठल्या बाजूने धरायचा हेही त्यांना सांगावं लागतं. मला शिकवलं ते सासऱ्यांनी. तुळशीदास त्यांचं नाव. वय शहात्तर, कान जवळजवळ गेलेले, तोंड मात्र शाबूत.

शिकवायच्या पहिल्याच दिवशी बाबांनी माझ्यासमोर एक जर्मनची वाटी ठेवली होती. ट्रॅक्टरखाली जायचं तर इंजिनाच्या पोटाचा, तेल सोडायचा नट आणि ट्रॅक्टरची चावी, दोन्ही त्या एकाच वाटीत. म्हणजे आपण खाली असताना वर कुणी चावी फिरवणार नाही, आणि चावी उचलायला आलेल्याला शेजारी नट दिसला की आपोआप कळेल, इंजिनात तेल नाही.

"वाटीत चावी नाय दिसली तं खाली जायाचं नाय," ते म्हणाले होते. "कोन पन असूदे, मी असूदे."

दुसरा नियम ठोकण्याचा. तेल सगळं निथळलं की खालच्याने पान्याने इंजिनावर तीनदा ठोकायचं. मग वरचा माणूस हातातलं असेल नसेल ते सोडून खाली उतरतो, आणि त्याने वाकून "झालं?" विचारायचं. बाबांना ते ठोके ऐकू यायचे नाहीत. ते चप्पल काढून पावलं लोखंडी पायरीवर ठेवायचे आणि पायांनी ओळखायचे. इंजिनाचा कुठला आवाज बरा, कुठला वाईट, हेसुद्धा ते पायांनीच सांगत. मी आधी हसायचे. नंतर हसणं बंद केलं, कारण त्यांचं कधी चुकलं नाही.

चुकला तो गुडघा. होळीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर मागे घेताना त्यांच्याने क्लच पुरता दाबला गेला नाही, आणि शेजारच्या शत्रुघ्न भाऊंचं तुळशीवृंदावन मुळासकट आडवं झालं. शत्रुघ्न भाऊ ओरडत होते, त्यांची बायको ओरडत होती, कुत्रा ओरडत होता. बाबांना काही ऐकू आलं नाही. नवीन वृंदावन आम्ही बांधून दिलं, पण सदानंदांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"बाबा, परत सीटवर बसलेले दिसलात तर दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर विकतो. गिऱ्हाईक तयार आहे."

सदानंद रागावत नाहीत, पण बोलले की करतात. तेव्हापासून चावी माझ्या ताब्यात. मसाल्याच्या डब्यामागे ठेवायची, हे फक्त मला ठाऊक. आणि खरं सांगते, ट्रॅक्टर गेला असता तर बाबांपेक्षा जास्त मी रडले असते. लग्नानंतर बावीस वर्षं मी सदानंदांची बायको होते, आर्याची आई होते. ट्रॅक्टरवर बसायला लागल्यापासून लोक मला जयवंती म्हणून हाक मारतात.

तर, मे महिन्यातली गोष्ट. मीटरवर अडीचशे तास भरले होते आणि पेरणीच्या नांगरटीआधी तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे होते. अकराच्या सुमारास मी ट्रॅक्टर अंगणातून जाणाऱ्या वाटेवर आंब्याच्या सावलीत लावला. तिथे थोडा चढ आहे आणि हँडब्रेक भरवशाचा नाही, म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाकून मागच्या चाकाखाली मागून दगड लावला. तेल पातळ व्हावं म्हणून इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, मग बंद केलं. नेमका तेव्हाच आर्याचा फोन. तिच्या विरारच्या फ्लॅटमध्ये पाणी आलं नव्हतं, त्याचं सगळं गाऱ्हाणं माझ्या कानात. फोन कानाला लावूनच मी उतरले, मॅक्सीवरचा टॉवेल कमरेला खोचला, तेल धरायचा कापलेला कॅन आणि वाटी आत सरकवली आणि फोन ठेवून ट्रॅक्टरखाली शिरले. डोकं इंजिनाखाली, पाय बाहेर, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे. असंच शिरावं लागतं, दुसरी जागा नाही.

नट ढिला झाला. गरम काळं तेल धारेने कॅनमध्ये पडायला लागलं. मी नट पुसला, वाटीत टाकला. टण् असा आवाज झाला.

एकच आवाज. मी मान वळवून वाटीकडे पाहिलं. वाटीत नट होता. चावी नव्हती.

चावी वर होती, जिथे मी फिरवून इंजिन बंद केलं होतं तिथेच.

उठून घेऊन येऊ, असं मनात आलं. खरंच आलं. पण धार चालू होती, मॅक्सी तेलात भरली असती, आणि घरात होतं कोण? बाबा ओटीवर झोपाळ्यावर पडले होते. दहा मिनिटांचं तर काम, म्हटलं. सगळ्या जगाला नियमावरून झापणारी मी, स्वतःपुरती दहा मिनिटांची सूट घेऊन पडून राहिले.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

आमच्या मागे नवीन इमारत होते आहे. तिथे रोज पाण्याचा टँकर जातो, आमच्याच अंगणातल्या वाटेने. टँकर नेहमी दोनला येतो. त्या दिवशी सव्वाअकरालाच आला. मला त्याची पुढची चाकं दिसत होती. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक, आणि मग ड्रायव्हरचे पाय खाली उतरले.

"ओ काका! ट्रॅक्टर बाजूला घ्या ना! लाइन लागली आहे मागे!"

मी ओरडले, "थांबा, मी खाली आहे!" पण टँकरचं इंजिन धडधडत होतं. माझंच मला ऐकू आलं नाही. ड्रायव्हरचे पाय ओटीकडे गेले, थांबले. तो हातवारे करत असणार. मग त्याच्या बुटांशेजारी दोन अनवाणी पावलं दिसली. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. बाबांची.

ती पावलं माझ्या बाजूने आली असती तर त्यांना माझे पाय दिसले असते. ती पलीकडच्या बाजूने आली. ट्रॅक्टरवर तिकडूनच चढायची त्यांची सवय, गुडघ्यामुळे.

"बाबा! बाबा, चढू नका!"

पायरी कुरकुरली. पावलं दिसेनाशी झाली. ट्रॅक्टर त्यांच्या वजनाने जरासा दबला, हे मला वरच्या लोखंडावरून कळलं.

मी बाहेर सरकायला गेले आणि सरकले नाही. मॅक्सीचा घेर मागच्या चाकाच्या पुढ्यात पसरला होता. त्याची कड चाकाखाली नव्हती अजून, पण तिच्यावर मीच पडले होते, कोपराखाली, कमरेखाली. एका हातात पाना, दुसरा हात तेलात. घाई केली की माणसाला स्वतःचे कपडेसुद्धा सुटत नाहीत. वर चावी फिरली. टक्. नुसतंच टक्, बॅटरी जुनी. 

बाबा क्लच दाबत असणार. त्यांनी क्लच दाबल्याशिवाय कधी चावी फिरवली नाही. पण गुडघा! तो पुरता दाबला जाणार नाही, हे मला ठाऊक होतं, शत्रुघ्न भाऊंना ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आणि आमचा ट्रॅक्टर इतका जुना की गिअरमध्ये असतानाही सुरू होतो.

पुन्हा चावी फिरली. खर्र झालं आणि ट्रॅक्टरने पुढे हिसका मारला. चाक माझ्याकडे वीतभर आलं. मॅक्सीची कड त्याच्याखाली गेली आणि गळ्यापाशी कपडा रुतून मी खाली ओढली गेले. रबराचा वास आला. चाकाच्या नक्षीत अडकलेली सुकी माती माझ्या मांडीवर पडली. इंजिन लागलं नव्हतं. आता ते तिसऱ्यांदा फिरवणार, तिसऱ्यांदा इंजिन लागतं, कायम तिसऱ्यांदाच लागतं.

मी रडत होते, आणि रडताना हाताने काय केलं ते हातालाच माहीत. पाना उचलला आणि इंजिनाच्या पोटावर मारला. एक. दोन. तीन. जीव खाऊन.

वर काही हललं नाही. टँकरवाला परत गाडीत चढून हॉर्न मारत होता. मी अजून तीन ठोके दिले.

मग चावी मागे फिरल्याचा बारीक आवाज आला, आणि पायरी कुरकुरली. पलीकडे दोन पावलं उतरली. बाबांनी हात गुडघ्यावर टेकवून, कण्हत, खाली वाकून पाहिलं. त्यांचा उलटा चेहरा मला दिसला.

"झालं?" त्यांनी विचारलं. नेहमीसारखं. आणि मग त्यांचं लक्ष माझ्या मॅक्सीकडे गेलं.

टँकरवाल्यानेच कात्री आणून कड कापली. मला बाहेर ओढल्यावर मी आधी बाबांना नको नको ते बोलले. मारायला निघालात का मला, डोळे फुटले का, सदानंद बरोबरच बोलतात तुमच्याबद्दल. त्यांना ऐकू आलं नसेल, पण तोंड वाचता येतं. ते जमिनीवरच बसले होते. चावी मुठीत घट्ट धरली होती. मी बोलून थकले तेव्हा त्यांनी हात लांबवला आणि चावी वाटीत टाकली. नटाशेजारी. 

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काम तर पुरं करायलाच हवं होतं. टँकर मागे घ्यायला लावला. नट बसवला. जुना फिल्टर सोडवला, त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना ते बोट फिरवून बघितलं. नव्याच्या रिंगेला तेल लावून तो हाताने आवळला. तेल ओतलं. फनेल बाबांनी धरलं, तेल सांडत होतं, ते मी पुसून घेतलं. इंजिन सुरू केलं तेव्हा बाबा पायरीपाशी येऊन उभे राहिले आणि एक पाऊल तिच्यावर ठेवलं.

"बरा हाय," म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी सदानंद आले ते चप्पल न काढताच. नाक्यावर त्यांना शत्रुघ्न भाऊ भेटले होते. टँकरवाल्याने सगळ्या गावाला सांगितलं होतं, फक्त चावीचं त्याला माहीत नव्हतं.

"बाबा, सीटवर चढला होतात?" सदानंदांनी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत विचारलं.

बाबा जेवत होते. "चढलो."

"चावी कुठून मिळाली?"

माझ्या हातात भाताची पळी होती. मी बोलायला तोंड उघडलं, आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मसाल्याच्या डब्यामागनं घेतली. तिला नाय ठाव."

पळी हातातच राहिली. मसाल्याच्या डब्यामागे! होळीपासून मे महिन्यापर्यंत रोज त्यांना ठाऊक होतं. मी शेतावर असताना, बाजारात असताना, दुपारी झोपले असताना. रोज ते घरात एकटे होते आणि चावी दोन हातांवर होती. एकदाही त्यांनी ती उचलली नव्हती.

सदानंदांनी खिशातून फोन काढला. "झालं मग. उद्या सकाळी गिऱ्हाइकाला बोलावतो."

"बोलाव," बाबा म्हणाले. "नायतर ट्रॅक्टर तिच्या नावावर कर न् मला विरारला आर्याकडं धाड. मी नाय तं चढनार कोन? ट्रॅक्टर तिला राहूदे."

त्यांना त्या फ्लॅटमध्ये एक रात्रही झोप येत नाही. मला खरंच काही क्षण वाटलं, गप्प बसावं. ट्रॅक्टर राहील, माझा नियम राहील, माझं नाव राहील. हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

मी पळी खाली ठेवली. कपाटावरून ती वाटी काढली, चावीसकट, आणि सदानंदांच्या ताटासमोर ठेवली.

"चावी मी विसरले," म्हटलं. "वरच राहिली होती. वाटीत नाही हे दिसलं होतं मला, तरी मी पडून राहिले. बाबा चढले कारण टँकरवाला बोंबलत होता. आणि उतरले कारण मी ठोकलं. तुम्ही वर असता ना, तर तुम्हाला कळलंसुद्धा नसतं. तुम्हाला दोन कान आहेत, पण तुम्हाला कळलं नसतं."

सदानंदांनी वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, गळ्यावरच्या निळ्या वळाकडे, जो मी दिवसभर टॉवेलखाली झाकला होता. फोन त्यांनी खिशात ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता.

"काय बोलली?" बाबांनी मला विचारलं.

मी ओरडून सांगितलं नाही. पळी उचलली आणि त्यांच्या पावलांशेजारी फरशीवर तीनदा ठोकली. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भात कालवायला लागले. 

ट्रॅक्टर आमच्याकडेच आहे. बाबा सीटवर चढत नाहीत. तसं मीच त्यांना समोर बसवून सांगितलं, आणि ते माझ्यावर दोन दिवस रुसले. पण तेल बदलायच्या दिवशी मी ट्रॅक्टरखाली शिरण्याआधी त्यांच्यासाठी स्टूल आणते. ते चप्पल काढून एक पाऊल लोखंडी पायरीवर ठेवतात. चावी टाकलेली वाटी त्यांच्या मांडीवर असते. मी नट पुसून हात बाहेर काढते, ते वाटी पुढे करतात, आणि आत चावी आहे हे बघितल्याशिवाय मी नट वाटीत टाकत नाही.