रुखमाची पेटी

धनजच्या जानरावांच्या घरात शिस्त फार, आणि ती सगळी आठ वर्षांच्या रुखमाच्या वाट्याला आली होती. खुद्द जानरावांचा फेटा रोज नव्या ठिकाणी सापडे आणि एक जोडा नेहमी गोठ्याकडे असे; पण पुरुषाचं तसं चालतं.

रुखमाला एक पत्र्याची पेटी होती. तळाशी परकर, त्यावर चोळ्या, डाव्या कोपऱ्यात फणी आणि करंडा. चिंध्यांची बाहुली कुठल्याच कोपऱ्यात बसेना, म्हणून तिला चुलीत जागा मिळाली.

शिकवणारी आत्या, जानरावांची थोरली बहीण नानीबाई. तिनं कधी हात उगारला नाही. ती फक्त मनगटावरचा जुना डाग दाखवी.

"सासूच्या सांडशीचा हाय," ती म्हणे. "एक चोयी उलटी घडी केली होती."

पोरीचे हात मग आपोआप चालत. झोपेतही ती गोधडीच्या कडा जुळवी. आई हे शेजारणींना कौतुकानं सांगे. भीतीला वळण म्हणण्याची आपल्याकडे पद्धतच आहे.

नानीबाईला सासरच्यांनी नवव्या वर्षी परत धाडलं होतं. कारण, पोर गबाळी. भाचीवर ती पाळी येऊ नये, एवढीच तिची धडपड. लग्नच लांबवावं हे तिच्या मनात आलं नाही. तो विषय पुरुषांचा, आणि पुरुष घाईत होते. लहान मुलींची लग्नं सरकार चैत्रापासून गुन्हा ठरवणार होतं, त्यामुळे सज्जन माणसं माघातच उरकून घेत होती.

अशात इंझोरीच्या कस्तुराबाई सून पाहायला आल्या. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की मुलीची पेटी अंगणात उलटी करायची आणि पाहुण्यांचा चहा संपायच्या आत तिच्याकडून भरून घ्यायची. रुखमानं भरली. घड्या सरळ होत्या. कस्तुराबाईंनी कडांवरून बोट फिरवलं.

"पोरगी चांगली हाय. लगन लागलं का संगंच घेऊन जाऊ. लहानपनीच वळन लागते."

रुखमा त्यांच्या हातांकडे पाहत होती. यातल्या कोणत्या हातात सांडशी असते, ते तिला ठरवायचं होतं.

साखर वाटायला जानरावांनी मुलीला हाक मारली. ओ आली नाही. गोठा पाहिला, कडब्याची गंजी पाहिली, शेजारची घरं झाली. मग कोणीतरी विहिरीकडे पाहिलं. गळ सोडला. तो रिकामा वर आला. पुन्हा सोडला. आई काठावर बसून होती. तिला रडताही येत नव्हतं.

नानीबाई घरात धावली. माजघरात लग्नाच्या कपड्यांची मोठी लाकडी संदूक होती. तिच्याजवळ जमिनीवर शालू, पातळं, धोतरं एकावर एक रचलेली, कडेला कड लावून. तशी घडी घरात दोघींनाच येत होती, आणि ही नानीबाईनं घातली नव्हती. संदुकीची कडी झाकणाबरोबर खाली पडून बसली होती.

तिनं कडी उपसली. आत रुखमा गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, घामानं चिंब, ओठ निळे. बाहेर उन्हात आणल्यावर तिचा श्वास परत चालू झाला. डोळे उघडले तेव्हा ती आधी हेच म्हणाली, "आत्या, म्या पसारा नाई केला."

नानीबाई उठली. भरलेली पेटी तिनं उचलली आणि कस्तुराबाईंच्या पायांपुढे पालथी केली.

"आता तुमी भरा."

"बाई, डोकं फिरलं काय तुहं?" जानराव म्हणाले.

"नाई, जाना. हे लगन होत नाई. पोरगी मोठी झाली का तिलेच इचारजो. अन् जबरीनं लावशीन, त भर मांडवात हा हात साऱ्याइले दाखवीन. कोनं भाजला, कायले भाजला, सारं सांगीन."

जानरावांनी तो डाग तीस वर्षं पाहिला होता. त्या दिवशी त्यांनी मान फिरवली. कस्तुराबाई लुगडं सावरून चोळ्या ओलांडत बाहेर पडल्या. बैल जुंपून त्यांची दमणी गेली.

रुखमाचा हात हळूच पुढे आला आणि एका परकराची कड शोधू लागला. नानीबाईनं तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली.

ऊन उतरेपर्यंत कपडे अंगणात तसेच पडून होते. पोर भिंतीला टेकून त्यांच्याकडे पाहत होती. आता कोण ओरडतं, याची वाट पाहत.