सिनेमाचं गाऱ्हाणं

पिक्चर संपला, दिंडोशीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दिवे लागले. बायका डोळे पुसत होत्या आणि नंदकुमार परब ऊर्फ भाऊ पंख्याखाली बसून संतापाने घामाघूम झाले होते. पिक्चर त्यांच्या मुलाने, सुशांतने काढला होता. त्यातला बाप भाऊंसारखाच रिटायर्ड, मिशीवाला, मालवणचा. फक्त तो दारू प्यायचा, मुलाला पट्ट्याने फोडून काढायचा आणि शेवटी विमानतळावर गुडघे टेकून मुलाची माफी मागायचा.

"विमानतळावर!" भाऊ बायकोला म्हणाले. "मी विमानतळ अजून आतून बघितलेला नाही. आणि दारू? मला सोड्यानेसुद्धा पित्त होतं."

"अहो, कथा आहे ती," जानकी म्हणाली. "हळू बोला. पोरगा इतक्या वर्षांनी आवारात आलाय."

"आलाय ना! मला दारुडा करून आलाय. त्या शेजारच्या तेजलने आत्ता माझ्यापासून खुर्ची लांब सरकवली, बघितलंस?"

तेवढ्यात सुशांत समोर येऊन उभा राहिला. त्याने घर सोडल्यापासून बापलेकांत शब्द नव्हता.

"भाऊ, शुक्रवारी पिक्चर थिएटरात लागतोय. नारळ ठेवलाय. गाऱ्हाणं तुम्ही घाला."

सोसायटीत नवी लिफ्ट येवो की नवी सून, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचं, काम भाऊंचं. ते नाही घातलं, तर इथल्या मालवणी मंडळींच्या लेखी पिक्चर लागलाच नाही. आणि सुशांत कितीही मोठा दिग्दर्शक झाला तरी मालवणीच होता. भाऊ साफ नाही म्हणणार होते. मग त्यांच्या लक्षात आलं, गाऱ्हाणं घालणाऱ्याला मध्येच कुणी गप्प करत नाही. ते उठले.

"बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल गरजला.

"ह्या माझ्या झिलान पिक्चर काढल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यात माका दारुडो दाखयल्यान!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणाले आणि एकमेकांकडे बघायला लागले.

"पट्ट्यान मारताना दाखयल्यान! जल्मभर लेंगो घातलंय, माझ्याकडे पट्टो खयचो?"

"व्हय म्हाराजा..." हे एकटे सेक्रेटरी म्हणाले, तेही पडेल आवाजात.

जानकीने कपाळाला हात लावला. भाऊ काही थांबेनात.

"आणि जा खरा केलंय, ता दाखवूकच नाय! मिया ह्येचो कॅमेरो खिडकीतसून खाली टाकलंय. भाड्यान हाडलेलो कॅमेरो! त्याच दिवशी हो घरातसून गेलो. ता खय आसा पिक्चरात?"

कुणी व्हय म्हणेना.

"दारुड्याला लोक माफ करतात, भाऊ," सुशांत हळूच म्हणाला. "शुद्धीत कॅमेरा फेकणाऱ्याला नसतं केलं."

भाऊंचे कान लाल झाले. मुलाकडे बघायची सोय नव्हती, म्हणून ते देवावरच कडाडले.

"माफी मागूक माका विमानतळ कित्याक होयो? म्हाराजा, माझा चुकला! हयच सांगतंय, ह्या हॉलात, सगळ्यांच्या म्होरे. ह्येच्या पिक्चराक येश दी. आणि फुडच्या पिक्चराआधी बापाशीक इचारूची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा," सुशांत पुटपुटला.

"मोठ्यान बोल!" भाऊ खेकसले. "देव काय पहिल्या रांगेत बसूक नाय!"