अठ्ठावीस ठोके

पूल पाप ओळखतो, ही बातमी नदीच्या पाण्याच्याही आधी डोंगराखाली पोचली होती. म्हणून तर सकाळी आठलाच झुलत्या पुलाच्या तोंडाशी एवढी गर्दी. कडेवर पोरं, काखेत छत्र्या, टाचा उंच, माना ताणलेल्या. खाली पाणी दगडांवर आपटत होतं, वर माणसं एकमेकांवर.

"सरका, सरका! वजनदार गडी आला!"

अगडबंब बेकरीवाला पुलावर चढला. त्याच्यामागे गर्दीतलेच दहा साक्षीदार, एका रांगेत. घंटेवाल्याने दांडक्याने खांबावरची पितळी घंटा वाजवायला सुरुवात केली आणि तिच्या ठोक्यासरशी अकरा जणांची पावलं फळ्यांवर पडू लागली. मंडळी पलीकडे जाऊन परत आली. पूल जरासा कुरकुरला, बस्स.

"पूल स्थिर, मन धीर!" तोलबाबा गरजले. भगव्या शालीतून दोन्ही हात वर. "हा पूल देह तोलत नाही, बाबांनो, दोष तोलतो!"

मग काडीपैलवान पोस्टमन चढला. तेच साक्षीदार, तीच घंटा. पण निम्म्या वाटेवर पुलाने जी उसळी घेतली म्हणता! पहिल्यांदा जू मानेवर ठेवलेल्या खोंडासारखा पूल उधळला. पोस्टमनची टोपी नदीत गेली.

"पूल हले, दोष बोले! लोकांची पत्रं फोडलीस ना? बोल!"

"पत्रं लिहितंय कोण हल्ली, बाबा?" पोस्टमन रडकुंडीला येऊन म्हणाला. "नुसती सरकारी पाकिटं असतात. ती ज्याची तोच उघडत नाही!"

हसलं कोणीच नाही. पोस्टमनचा सख्खा भाऊ गर्दीत होता, त्याने तोंड फिरवलं.

गर्दीच्या कडेला पीटीच्या बाई उभ्या होत्या. उभ्या कसल्या, या पायावरून त्या पायावर होत होत्या. बावीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांना कवायत शिकवून त्यांच्या पायांना स्वस्थ उभं राहणं माहीतच नव्हतं, आणि आज तर जिवालाही स्वस्थता नव्हती. शेजारी आई, आईच्या मागे भावजय, डोळे जमिनीत खुपसून.

भावजयीचं बाळ तीन महिन्यांपूर्वी गेलं. नऊ दिवसांचं होतं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, की जन्मतःच हृदयात मोठं छिद्र होतं. आईला पटलं नाही. "छिद्र आपोआप पडतं होय? काहीतरी केल्याशिवाय?" त्या दिवसापासून घरात भांडी जपून वाजत आणि माणसं एकमेकांकडे बघायचं टाळत. भावजयीचं माहेर नदीपलीकडे. आईने निकाल आधीच सांगून ठेवला होता: पूल हलला नाही तर माघारी ये, घर तुझंच आहे. हलला, तर तशीच पुढे चालायला लाग.

धाकटा, म्हणजे भावजयीचा नवरा, गर्दीपासून लांब होता. तो मघापासून जीपचं चाक तपासत बसला होता. चाकाला काही झालेलं नव्हतं.

"अगं, नको जाऊस," बाई तिसऱ्यांदा कुजबुजल्या.

"जाऊ द्या ताई. एकदाचं कळू तरी दे मला." भावजयीचा आवाज कोरडा होता. "रात्री उठून आठवत बसते, मी नेमकं काय केलं असेल ते."

जुन्या गाण्यांतली नणंद म्हणजे विंचवाची नांगी. भावजयीच्या चुलीत पाणी ओतणारी, भावाच्या कानात विष ओतणारी. पण या नणंदेने ते वाक्य ऐकून भावजयीचा हात घट्ट धरला.

बाबांचा एक चेला जवळ आला. "शंका कसली? कोणावर?" त्याने हलकेच विचारलं. आईने त्याच्या कानात सांगितलं. चेल्याने जाऊन बाबांच्या कानात सांगितलं. बाबांनी घंटेवाल्याकडे नुसतं पाहिलं.

ते पाहणं बाईंना खटकलं. आणखीही काहीतरी खटकत होतं, पण काय ते हाती लागेना. कानावर ठेका पडला की त्यांच्या डोक्यात आकडे आपोआप सुरू होत, आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे जाई. बेकरीवाल्याच्या वेळी पंधरा सेकंदांत एकवीस ठोके पडले होते. पोस्टमनच्या वेळी अठ्ठावीस.

"आई, थांब जरा. घंटा दोघांना सारखी नाही वाजली!"

"तू शाळेतल्या पोरांना शिकव," आई म्हणाली. "इथे देवाचं काम चाललंय."

तोवर भावजय पुलावर चढलीसुद्धा.

ठाण, ठाण, ठाण. बाईंनी मोजलं. अठ्ठावीस! मागे दहा साक्षीदार, बिचारे भाविक, एकाचंही पाऊल ठोक्याबाहेर पडत नव्हतं. पूल आधी शहारला, मग डुचमळला, मग उसळू लागला. मध्यावर भावजयीने तारेला मिठी मारली आणि ती खालीच बसली.

"कूस दोषी!" बाबा ओरडले. "ऊठ! मागे वळू नकोस!"

साक्षीदार मागे फिरले. भावजय उठली आणि खरोखरच पुढे चालू लागली. एकदाही वळून न बघता.

बाई धावल्या. एक पाऊल लांब, एक आखूड, जशी फळी येईल तशा. पुलाच्या पार पलीकडे त्यांनी तिचा दंड धरला.

"सोडा ताई. पूल बोलला."

"पूल उसळला फक्त. मला पाच मिनिटं दे. मग जायचं तर जा, मी स्वतः पोचवते."

तिला तिथेच बसवून बाई एकट्या मध्यावर आल्या. पूल शांत झाला होता. त्यांनी गुडघ्यांतून दबून हलके हिसके द्यायला सुरुवात केली. आधी सावकाश. पूल ढिम्म. मग जरा भरभर. एका क्षणी तळव्यांखालून पुलाने ओ दिली. त्या थांबल्या, पण पूल आपला खाली-वर, खाली-वर करत राहिला. घड्याळ लावून त्यांनी मोजलं. पंधरा सेकंदांत अठ्ठावीस.

बाई तरातरा परत आल्या. "बाबा, आता तुम्ही चला पुलावर. घंटा मी वाजवते."

"तराजू स्वतःला तोलत नसतो, मुली." बाबा मधासारखं हसले.

"मग मला तोला," आई ताडकन पुढे झाली. लेकीने चारचौघांत शोभा केली, याचा संताप तिच्या नाकावर होता. "माझ्या पोटात पाप नाही. होऊन जाऊ दे! वाजव तुला वाजवायची तेवढी!"

घंटेवाला दांडकं सोडेना. तेव्हा पुलाचा राखणदार पुढे आला. इतका वेळ तो पाना हातात धरून कठड्याशी उभा होता. "आण ते इकडे," तो म्हणाला. "खांब माझ्या ताब्यात, खांबावरची घंटाही माझ्याच ताब्यात. रोज संध्याकाळी मी नट आवळतो आणि रोज दुपारपर्यंत यांच्या पुण्याईने ते ढिले होतात. एक दिवस पूलच नदीत जाईल, मग तोला म्हणावं मगरी-मासे."

दांडकं बाईंच्या हातात आलं. आई चढली, मागे तेच दहा साक्षीदार. बाईंनी सावकाश ठोके टाकले. पूल गप्प. आईने मान उंचावली. मध्यापाशी आल्यावर बाईंनी ठेका वाढवला. आईची पावलं तिच्या नकळत वाढली. साक्षीदारांचीही. पूल शहारला, डुचमळला, उसळला.

"अगंबाई!" आईने दोन्ही हातांनी तार पकडली.

"आई, काय केलंस तू?" बाईंनी विचारलं. दांडकं थांबलं नाही.

"काही नाही केलं गं! शपथ! काही नाही केलं मी!"

"तीही तीन महिने हेच सांगतेय."

दांडकं थांबलं. पूल हळूहळू निवला. आई तार धरत धरत काठावर परत आली.

बाबांनी शाल सावरली. "संशयाने पूल बाटला! आता तो कोणालाही—"

"मग शुद्ध करू या," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा सावकाश ठोके दिले. साक्षीदारांची पावलं आपोआप पडू लागली. पूल गप्प. ठेका वाढला. पूल उसळला. पुन्हा सावकाश. पुन्हा गप्प.

"च्यायला," बेकरीवाला म्हणाला, "पाप काय मिनिटामिनिटाला ये-जा करतं?"

आता मात्र हशा पिकला. पोस्टमन सगळ्यांत मोठ्याने हसत होता.

"झोपाळ्याला कसा झोका देता?" बाईंनी गर्दीला विचारलं. "तो परत येतो तेव्हाच ना? वेळ साधली तर एका बोटाने चढतो. चुकवली तर चौघांनी ढकला, नुसता हिसकतो. या पुलाचीही एक लय आहे. त्याच लयीत अकरा जणांनी पाय आपटले, की तो उसळणारच. बाबा आधी तुम्हाला विचारतात शंका कोणावर, आणि मग ठरवतात घंटा कशी वाजवायची."

"यांना सापडली कशी हो ती लय?" कोणीतरी ओरडलं.

"बँडात ढोल बडवायचा हा," राखणदार म्हणाला. "एका लग्नाची वरात वाजवत पुलावर नेली, पूल उसळला, नवरदेवासकट वऱ्हाड पळालं. त्या दिवशी याला ज्ञान झालं."

तोलबाबा शाल सांभाळत जीपगाड्यांच्या बाजूला सरकत होते. तिथे त्यांची वाट अडवून पोस्टमनचा भाऊ उभा होता. "माझ्या भावाला मी चोर समजलो," तो म्हणाला. वाटेतून मात्र तो हलला नाही.

दरम्यान भावजय पलीकडून चालत आली होती. कोणी पाहिलंही नाही. तिने नणंदेच्या हातातून दांडकं घेतलं. "पुन्हा चला," ती साक्षीदारांना म्हणाली. तिने पूल हलवला. थांबवला. पुन्हा हलवला. मग दांडकं राखणदाराला देऊन टाकलं.

"ताई, म्हणजे बाळ..."

"हृदयात छिद्र होतं, अगं. तुझ्या पोटातच ते तसं घडलं आणि त्यात तुझा काडीचा हात नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं. आपण ऐकलं नाही."

भावजय तेव्हा रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं, हमसून. धाकटा चाक सोडून आला, पण काय करावं ते न कळून नुसता उभा राहिला. आई पुढे झाली. हात वर केला, खाली घेतला, शेवटी तिच्या पाठीवर ठेवला.

"चल घरी, बाळा."

"मी माहेरीच जातेय, आई," भावजयीने डोळे पुसले. "हाकललं म्हणून नाही. मला माझ्या आईकडे जायचंय म्हणून. पंधरा दिवसांनी न्यायला या. तुम्ही आणि हे, दोघंही या."

"येते," आई म्हणाली.

राखणदाराने पान्याने घंटा सोडवली. बाई कठड्यावर चढल्या, मैदानावर चढतात तशा, आणि गर्दीला म्हणाल्या, "पूल लोखंडाचा आहे. लोखंडाला कोणाचं मन कळत नाही. ज्यांना कळतं त्यांनी, म्हणजे आपण, आधी माणसाला विचारावं, डॉक्टरला विचारावं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी घड्याळ काढावं, मोजावं, उलटसुलट करून बघावं. आणि दुःखात बुडालेल्या बाईला गर्दीपुढे उभं करून तोलू नये. आता जायचं त्यांनी जा. पावलं मात्र जुळवू नका!"

मग तो सगळा लोंढा पुलावरून निघाला, कोणी लांब टांगा टाकत, कोणी खुरडत, पोरं उड्या मारत. त्यांच्यातच भावजय होती, आणि धाकटा तिची पिशवी घेऊन तिच्या मागोमाग चालला होता.