धूप दाखवलेल्या बाटल्या

अपूर्व मार्चमध्ये गेला. झाशी रोडवर, मोटरसायकलच्या अपघातात. मागे कोठीच्या खोलीत अकरा बाटल्या बीअर राहिली, त्यानेच घरी बनवलेली. आमच्याकडे चातुर्मासात कांदा येत नाही, आणि आमचे चिरंजीव बीअर बनवत होते! मी महिनाभर त्याच्याशी धड बोललो नव्हतो.

तरी त्याने एकदा ग्लास पुढे केलाच. "बाबा, बाटली उभी ठेवायची, अंधारात. ऊन लागलं की खतम. तळाशी पांढरं बसतं, ते खमीर आहे, घाण नाही. ते तळालाच राहू द्यायचं." मी एक घोट घेतला. चांगली होती, खरंच चांगली होती. पण तसं मी त्याला म्हणालो नाही.

आता मला काही वाटत नाही. जेवतो, पेपर वाचतो, सिलिंडर आला की सही करतो. लोक म्हणतात, लक्ष्मीकांतराव खंबीर आहेत. कसला खंबीर, बधिर झालोय.

जूनमध्ये त्याचा वाढदिवस आला. पूर्वी त्या बाटल्यांना हातही न लावणारी माझी बायको लीला म्हणाली, "त्याच्या मित्रांना बोलावू या. त्याच्या हातचं शेवटचं आहे ते."

त्या सकाळी ती बाटल्या फ्रिजमध्ये लावत होती. "बुडाशी पांढरं धरलं होतं हो. लोणच्याला येते तशी बुरशी वाटली. म्हणून आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवून धूप दाखवली."

हिरव्या काचेच्या बाटल्या, आणि ग्वाल्हेरचं जूनचं ऊन. मी म्हणालो, "बरं केलंस."

दुपारी अंशुल आणि हर्षिता आले. दोघंही ही बीअर बनवताना अपूर्वच्या मदतीला असत. लीलाने स्टीलच्या पेल्यांत ओतली, वाया जायला नको म्हणून तळातलंसुद्धा. जळक्या रबरासारखा वास सुटला. हर्षिताने पेला तोंडाला लावून तसाच खाली ठेवला. अंशुलने मोठा घोट घेतला. "मस्त है, काकू."

मग लीलाने स्वतः पेला उचलला. जन्मात कधी प्यायली नव्हती. एक घोट घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"खरं सांगा रे. अशीच बनवायचा तो?"

"नहीं काकू, त्याची तर एकदम..." अंशुल बोलायला लागला.

"शिकत होता गं अजून," मी मध्येच म्हणालो. "जमली नसेल."

लीलाने मान हलवली. "हो. घाईच फार त्याला." आणि ती पेले गोळा करून आत गेली.

अंशुल माझ्याकडे बघेना. या घरात त्याची खरी चव चाखलेला, पोराची बाजू घेऊ शकेल असा मी एकटाच होतो, आणि मीच त्याला नावं ठेवली.