कापणाऱ्याने शेवटी उचलायचं

त्यांच्या घरात कलिंगड कापायचा एक नियम होता. एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. दोन्ही पोरांची रोजची मारामारी मिटावी म्हणून आईने तो काढला होता. सुरी मात्र कायम थोरल्याच्या हातात, कारण धाकट्याच्या हाती सुरी द्यायला आई धजत नसे. थोरल्याने त्यातही मेख मारून ठेवली होती. तो एक फोड भलीमोठी कापायचा, पण देठाकडची, निम्मी सालच. दुसरी दिसायला लहान, पण मधला लाल गाभा सगळा तिच्यात. धाकटा न चुकता मोठ्या फोडीवर झडप घालायचा. मग थोरला गाभा खायचा आणि वर समजूतदार म्हणून आईची शाबासकीही घ्यायचा.

पन्नास वर्षांनी वडिलांच्या अडीच एकरांच्या वाटणीसाठी ताईने हाच नियम पुढे केला, तेव्हा थोरल्याला मनातून उकळ्या फुटल्या.

ताई दोघांहून मोठी. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. आपल्या हिश्श्यापोटी तिने शहरातलं घर घेतलं होतं आणि जमिनीतून अंग काढून घेतलं होतं. उरले दोघे भाऊ, आणि ते सात वर्षं कोर्टात भांडत होते. कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसायची वेळ आली तर दोघेही उभे राहत. शेवटी न्यायाधीशही कंटाळले. आपसात वाटून घ्या, नाहीतर जमीन लिलावात काढतो, असं त्यांनी बजावलं. ताईने दोघांना बोलावून घेतलं, वर्गातल्या पोरांना बसवावं तसं समोर बसवलं आणि सांगितलं, थोरल्याने रेघ मारायची, धाकट्याने उचलायचं, आणि नंतर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

जमीन लांबट होती. पुढे रस्ता, मागे विहीर. विहिरीभोवती चाळीस जुनी झाडं होती, त्यांच्याच काड्या घेऊन थोरला कलमं बांधायचा. पुढच्या भागात त्याची रोपवाटिका होती, जाळीच्या सावलीत ओळीने मांडलेल्या वीस हजार पिशव्या. तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. दुसरं त्याला काही येत नव्हतं, आणि येतं असं तो म्हणतही नसे. त्याला हवा होता मागचा भाग. पाणी आणि झाडं हातात असली की पिशव्या कुठेही मांडता येतात.

धाकट्याचे तीन ट्रक होते. थोरला त्याला भाऊ म्हणत नसे, चारचौघांत ‘आमचा ड्रायव्हर’ म्हणे. ट्रक उभे करायला जागा नाही म्हणून तो लोकांच्या दारात शिव्या खायचा. त्याला रस्त्याकडची जागा हवी, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

तेव्हा थोरल्याने रेघ तशीच मारली. रस्त्याकडे पावणेदोन एकर, मागे जेमतेम पाऊण. मोजणीदार साखळी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “मालक, मागच्याला जायची वाट लिहून घ्या आणि पुढच्याला विहिरीचं पाणी. नाहीतर पुढे डोक्याला ताप होतो.”

थोरल्याने नकारार्थी मान हलवली. वाट लिहिली की मागचा तुकडा ड्रायव्हरच्या डोळ्यांत भरणार. स्वतःसाठी त्याने शेजाऱ्याच्या बांधावरून हातगाडीपुरती वाट आधीच गुपचूप ठरवून ठेवली होती. आणि पाणी? ट्रक धुवायला आपल्या विहिरीचं पाणी कशाला द्यायचं? त्याने मोजणीदाराला सरळ लिहायला लावलं: मागच्या वाट्याला पुढून वाट नाही, पुढच्या वाट्याला विहिरीचं पाणी नाही. त्याखाली सही ठोकली ती अशी झोकात, की कागद फाटता फाटता राहिला.

उचलायच्या दिवशी सगळे रोपवाटिकेच्या शेडमध्ये जमले. धाकटा ट्रक घेऊन थेट विहिरीपर्यंत गेला आणि तिथून चालत आला. नकाशा टेबलावर पसरला होता. थोरल्याने त्या दिवशी त्याला खुर्ची दिली, चहा विचारला. पुढची जागा किती मोठी आहे हे सांगताना तर त्याच्या तोंडात साखर घोळत होती. ताईने एकदा थोरल्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

धाकट्याने नकाशाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. विहिरीवर बोट ठेवलं.

“मला मागचं.”

ताईने पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, जायला वाट नाही तिथे. धाकटा म्हणाला, वाचलंय मी. थोरला म्हणाला, तुझे ट्रक काय उडत जाणार? त्यावर धाकट्याने पेन उचलून सही केली. मग थोरल्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. वडिलांपासून सुरुवात करून धाकट्याच्या बायकोपर्यंत त्याने कुणालाही सोडलं नाही. ताई कागद पिशवीत घालून निघून गेली.

धाकटा उठला, मागे गेला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला त्याने कुलूप घातलं. थोरल्याने ते पाहिलं. तो धावत पुढे गेला आणि रस्त्याच्या फाटकाला त्याने त्याहून मोठं कुलूप घातलं. ट्रक आत अडकला.

“बस आता आत सडत,” थोरला म्हणाला.

“ट्रक सडू दे. लोखंडाला तहान लागत नाही, दादा.”

एवढं बोलून धाकटा बांधावरून चालत निघून गेला. भर उन्हाळ्याचे दिवस होते. त्या संध्याकाळी थोरल्याने सवयीने नळ फिरवला. नळाने दोनदा हवा ओकली आणि तो गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या शेंड्यांनी माना टाकल्या. टँकरवाल्याने आठ दिवसांनंतरची तारीख दिली. शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसत होता, त्याने दिलेल्या चार घागरी एका ओळीलाही पुरल्या नाहीत. थोरल्याने ताईला फोन केला. ती म्हणाली, “नियम माझा होता. कापलंस तू.” आणि तिने फोन ठेवला. त्याला तिचाही संताप आला. त्याला सगळ्यांचाच संताप येत होता, पण पिशव्यांमधून फिरताना वाळलेलं पान हाताला लागलं की स्वतःचाच जास्त संताप यायचा.

तिसऱ्या दिवशी धाकटा बांधावरून आला आणि ट्रकमध्ये बसून राहिला. थोरल्याने तासभर कळ काढली. मग जाऊन फाटकाचं कुलूप उघडलं. तोंडाने काही बोलला नाही. मी वाट सोडली, आता तू पाणी सोड, एवढं कळायला बोलायची काय गरज?

ट्रक आला आणि त्याच्या शेजारी थांबला. थोरल्याने मोटारीच्या खोलीच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

धाकट्याने त्या हाताकडे पाहिलं. “तू फोडी कशा कापायचास, ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं,” तो म्हणाला. “तुला गाभा आवडायचा. म्हणून मी साल उचलायचो. तू मला खुळा समजलास, त्याचंही काही वाटलं नाही. पण आई जाईपर्यंत तू एकदाही चुकून बरोबरीची फोड कापली नाहीस. आणि परवाही नाही.”

थोरल्याचा हात तसाच राहिला. ट्रक फाटकातून बाहेर पडला, किल्ली घेऊन.

थोरला शेडमध्ये परत आला. उन्हाने जाळीखालची हवासुद्धा तापली होती. वीस हजार रोपं ओळीने माना टाकून उभी होती. त्याच्या प्यायच्या बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. बूच काढून तो पहिल्या पिशवीवर वाकला, थबकला, दुसरीकडे वळला, मग तिसरीकडे. आयुष्यभर त्याने वाटे घातले होते. हे घोटभर पाणी कुणाला द्यायचं, ते त्याला ठरवता येईना.